धिस, धॅट, धीज, धोज: आमच्या नाशिकच्या बॅचमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडकोत माझी संध्याकाळी सातची बॅच असते, मोठ्या माणसांची. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून सुटून आलेले, दोन-तीन गृहिणी, स्पर्धा परीक्षावाले आणि सीजनला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये काम करणारी पोरं. पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकच, मॅडम टेन्सचं बघा, टेन्स कच्चा आहे. आणि तोंड उघडलं की पहिली चूक टेन्सची नसतेच, ती असते धिस-धॅटची. शाळेत सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट म्हणून वर्गात विचारायला लाजतात, मग चहाच्या वेळी हळूच विचारतात. तेच प्रश्न इथे टाकतेय. इंग्रजी शब्द मुद्दाम आपल्याच लिपीत लिहिलेत.

हे चार शब्द वापरायचे कसे, एका दमात सांगा ना?

स्वतःला दोनच गोष्टी विचारायच्या, जवळ का लांब, आणि एक का जास्त. जवळ एक असेल तर धिस, जवळ जास्त असतील तर धीज, लांब एक तर धॅट, लांब जास्त तर धोज. जवळ म्हणजे किती फूट असं काही मोजमाप नाहीये. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात उभे आहात असं समजा, तुमच्या पुढ्यातली मेथीची जुडी धिस, पलीकडच्या मावशींच्या टोपलीतली धॅट, तुमच्या पिशवीतली लिंबं धीज, आणि त्या कोपऱ्यातल्या हातगाडीवरची धोज. हाताला लागतं ते जवळ, बोट दाखवावं लागतं ते लांब, एवढं धरून चाला.

मग इतकं सोपं असून आम्ही चुकतो कशाला?

कारण आपण इंग्रजी बोलताना मनात मराठीतलं हे, ते, ह्या, त्या फिरत असतं आणि मराठीतले हे शब्द एकाच वेळी चार-चार कामं करतात. हा-ही-हे मध्ये लिंग आहे, वचन आहे, आणि सगळ्यात डेंजर म्हणजे मान आहे. हे घर म्हणताना हे एकवचनी, हे आंबे म्हणताना तेच हे अनेकवचनी, आणि हे माझे काका म्हणताना माणूस एकच पण शब्द अनेकवचनी. इंग्रजीच्या धिस-धॅटला लिंगाशी घेणंदेणं नाही आणि मानाशी तर अजिबातच नाही. ते फक्त डोकी मोजतात.

माझीच गोष्ट सांगते. कॉलेजला असताना एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेले होते, वडील सोबत आले होते, दारातच साहेब भेटले आणि मी एकदम अदबीनं म्हणाले, धीज आर माय फादर. साहेबांनी वडिलांच्या मागे वाकून बघितलं, अजून किती जण आहेत म्हणून. नोकरी नाही मिळाली, त्याचं कारण हेच होतं असं नाही म्हणत मी, पण घरी येईपर्यंत बसमध्ये कान गरम होते माझे. वडिलांना कितीही मान द्या, इंग्रजीत ते धिस इज माय फादरच. ह्या माझ्या सासूबाई, तरी धिस इज माय मदर-इन-लॉ. ते आमचे मॅनेजर, तरी धॅट इज अवर मॅनेजर. दोघं असतील तरच धीज आर माय पेरेंट्स.

आणि बायकांसाठी खास, आपल्याकडे नवऱ्याचं नाव न घेता हे म्हणायची पद्धत आहे ना, हे ऑफिसला गेलेत, तिथे धीज हॅव गॉन टू ऑफिस असं म्हणून चालणार नाही. माय हजबंड म्हणा नाहीतर ही म्हणा. गंमत बघा, आपलं हे इंग्रजीत ही होतं.

हा माझा भाऊ, ह्याला धिस माय ब्रदर म्हटलं तर काय बिघडतं?

समजतं समोरच्याला, पण वाक्य अर्धवट राहतं. मराठीत हा माझा भाऊ एवढं पुरतं, आहे म्हणायची गरज नसते. इंग्रजीत मधला इज पोटात घालता येत नाही, धिस इज माय ब्रदर. ही चूक सहसा गडबडीत होते, म्हणून मी वर्गात सांगते की धिस इज हा एकच शब्द समजून पाठ करा, धिसिज, जोडूनच तोंडात बसू दे. लिहिताना मात्र तोडून लिहा, नाहीतर बसाल धिसिज शोधत डिक्शनरीत.

ह्या घरात, ह्या पुस्तकाला, इथे ह्या आहे म्हणजे धीज ना?

नाही. हा प्रश्न एका मुलानं विचारला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पोरं इन धीज हाऊस का लिहितात. ह्या मुली, ह्या गाड्या, इथे ह्या खरंच अनेकवचनी आहे. पण ह्या घरात म्हणताना घर एकच आहे, फक्त पुढे त लागला म्हणून हे चं ह्या झालंय. इंग्रजीत शब्द असा वाकत नाही, इन धिस हाऊस, फ्रॉम धिस हाऊस, टू धिस हाऊस, सगळीकडे धिसच. तेव्हा ह्या किंवा त्या दिसलं की आधी पुढच्या नामाकडे बघा, ते एक आहे का जास्त.

द्राक्षं, कांदे, तांदूळ, पैसे, ह्यांना काय लावायचं?

ह्यावर जरा थांबू, कारण नाशिककरांची खरी गंमत इथेच आहे.

द्राक्षं सोपी आहेत. ही द्राक्षं म्हणजे धीज ग्रेप्स. एकच मणी हातात धरला तर धिस ग्रेप. घड असेल तर धिस बंच ऑफ ग्रेप्स, कारण घड एकच आहे, आत मणी कितीही असू देत. क्रेट असेल तरी तसंच, धिस क्रेट ऑफ ग्रेप्स इज रेडी. मागे ग्रेप्स ऐकू आलं म्हणून आर लावायचा मोह होतो, तो आवरा.

कांद्याला मात्र मराठी फसवते. आपण शेतकरी भाषेत म्हणतो, यंदा हा कांदा चांगला पोसलाय, हा कांदा लासलगावला नेऊ. इथे कांदा म्हणजे ट्रॅक्टरभर कांदा, पण शब्द एकवचनी. त्याचं धिस ऑनियन केलं तर ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही एक कांदा घेऊन लासलगावपर्यंत निघालात. धीज ऑनियन्स म्हणायचं. टोमॅटोचं, मिरचीचं, बटाट्याचं पण हेच.

आता उलटं. मराठीत अनेकवचनी आणि इंग्रजीत एकवचनी अशी एक मोठी टोळी आहे. हे पैसे, पण धिस मनी. हे केस, डोक्यावरचे, पण धिस हेअर. हे तांदूळ, धिस राइस. सराफ बाजारात दुकानात बसून हे दागिने म्हणाल तर ते धिस ज्वेलरी. ह्या बातम्या, धिस न्यूज, शेवटी स ऐकू येतो तरी. शिवाय इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, अॅडव्हाइस, इक्विपमेंट, होमवर्क, ह्यांना इंग्रजी मोजतच नाही, त्यामुळे ह्यांच्याआधी धीज येणार नाही आणि ह्यांच्या मागे एस पण लागणार नाही. धीज इन्फर्मेशन्स ही तर आमच्या बॅचची राष्ट्रीय चूक आहे.

आणि तिसरी टोळी, आपल्याकडे एक आणि त्यांच्याकडे दोन. बागेत विरळणी करायची कात्री, आपल्यासाठी ही कात्री, त्यांच्यासाठी धीज सिझर्स, कारण पाती दोन. पक्कड म्हणजे धीज प्लायर्स. चष्मा म्हणजे धीज ग्लासेस, पॅन्ट म्हणजे धीज ट्राउझर्स. एकच आहे असं ठासून सांगायचं असेल तर धिस पेअर ऑफ सिझर्स म्हणा, तिथे पेअर एक आहे म्हणून धिस चालतं. अंबडच्या कंपनीत टूलरूममध्ये काम करणारा एक विद्यार्थी म्हणाला, मॅडम मी दहा वर्षं धिस प्लायर म्हणतोय आणि सगळे मला पक्कडच देतात. देणारच, शॉप फ्लोअरवर चालतं, पण लेखी रिपोर्टमध्ये प्लायर्स लिहा.

माझा तो मित्र म्हणजे माय धॅट फ्रेंड, बरोबर ना?

चूक, आणि ही चूक अगदी इंग्रजी मीडियमवाले सुद्धा करतात. इंग्रजीत नामाच्या आधी एका खुर्चीवर एकच बसतो, माय बसला तर धॅटला जागा नाही, धॅट बसला तर माय उभा. दोघांना घ्यायचंच असेल तर एकाला मागे पाठवायचं, धॅट फ्रेंड ऑफ माइन. माझी ही गाडी, धिस कार ऑफ माइन. आईचा तो डबा, धॅट टिफिन ऑफ माय मदर्स. जरा लांबलचक वाटतं, म्हणून बोलताना बरेचदा नुसतं धॅट फ्रेंड म्हटलं तरी भागतं, माझा आहे ते संदर्भानं कळतं. द धिस किंवा अ धॅट पण चालत नाही, कारण तेच, खुर्ची एकच.

हे सगळे आंबे, धीज ऑल मँगोज?

ऑल धीज मँगोज. मराठीत आधी हे मग सगळे, इंग्रजीत आधी ऑल मग धीज. दोघांचं पण तसंच, धीज बोथ नाही, बोथ धीज किंवा बोथ ऑफ धीज. हे सगळं मी केलं, ऑल धिस. एकदा क्रम उलटा करायचा आहे एवढं डोक्यात बसलं की विषय संपला.

तो, ती, ते म्हणजे ही-शी-इट का धॅट? सारखं कन्फ्यूज होतं.

होणारच, कारण मराठीत एकच तो दोन्ही कामं करतो. तो माझा भाऊ म्हणताना तुम्ही बोट दाखवताय का आधीच चाललेल्या माणसाबद्दल बोलताय हे मराठीत शब्दावरून कळत नाही, इंग्रजीत कळतं. पहिल्यांदा दाखवून ओळख करून देताना धिस किंवा धॅट, एकदा ओळख झाली की पुढे ही, शी, इट, दे. रामकुंडावर उभे राहून लांबचा माणूस दाखवताय, धॅट इज माय अंकल, लगेच पुढचं वाक्य ही लिव्ह्ज इन पंचवटी. इथे धॅट लिव्ह्ज इन पंचवटी म्हटलंत तर काकांची वस्तू झाली.

ओळख करून देताना इज च्या आधी धिस-धॅट माणसाला चालतं, पण आय नो धिस असं म्हणून माणूस दाखवता येत नाही, तिथे आय नो धिस मॅन असं नाम लावा. लावलं नाही तर समोरचा समजेल तुम्हाला ती गोष्ट माहीत आहे.

ह्याला जोडूनच, कोणी विचारलं इज धिस युअर बॅग, तर उत्तर येस धिस इज नाही, येस इट इज. आर धीज युअर कीज, येस दे आर. बोट दाखवायचं काम प्रश्नातच झालं, उत्तरात परत दाखवायची गरज नाही. व्हॉट इज धिस ला पण तसंच, इट्स अ पॅनकार्ड.

फोनवर मी बोलतोय म्हणताना आय अॅम का धिस इज?

धिस इज. धिस इज पाटील स्पीकिंग. आय अॅम पाटील हे समोरासमोर हात मिळवताना. आणि समोर तेच आहेत का विचारायचं तर ब्रिटिश लोक इज धॅट मिस्टर जोशी म्हणतात, अमेरिकन लोक इज धिस मिस्टर जोशी म्हणतात, तुमचा क्लायंट कुठला आहे ते बघा, दोन्ही बरोबर आहे. अनोळखी नंबर आला की हू इज धिस म्हणून खेकसू नका, मे आय नो हूज कॉलिंग म्हणा.

आज सकाळी म्हणजे टुडे मॉर्निंग ना? सगळे तसंच म्हणतात.

सगळे म्हणजे आपण सगळे. धिस मॉर्निंग, धिस आफ्टरनून, धिस इव्हिनिंग. रात्रीला मात्र टुनाइट. धिस वीक, धिस मंथ, धिस इयर, ह्यांच्याआधी इन किंवा ऑन लावायचं नाही.

हल्ली म्हणजे धीज डेज, तिथे पण इन नको. पण त्या काळी म्हणजे इन धोज डेज, तिथे इन हवा. का, ते मला विचारू नका, भाषेला सवय लागलीय. त्या वेळी मी लहान होतो, ह्याचं नुसतं धॅट टाइम आय वॉज स्मॉल करतात आपले लोक, तिथे अॅट धॅट टाइम पाहिजे. ह्या वेळी मी पास होणारच, तिथे मात्र नुसतं धिस टाइम.

काळाचं पण जवळ-लांबच आहे तसं बघितलं तर. चालू आहे किंवा येणार आहे ते धिस, होऊन गेलं ते धॅट. सिनेमा बघताना धिस इज बोअरिंग, बाहेर येऊन पार्किंगमध्ये धॅट वॉज बोअरिंग. धिस संडे म्हणजे कुठला रविवार ह्यावरून इंग्रज लोकांत पण वाद होतात, तारीख सांगून मोकळे व्हा.

परीक्षेत विचारतात हे अॅडजेक्टिव्ह आहे का प्रोनाउन, ओळखायचं कसं?

अंगठा ठेवून. धिस-धॅटच्या लगेच पुढच्या शब्दावर अंगठा ठेवा, अंगठ्याखाली ज्याच्याकडे बोट दाखवतोय तेच नाम सापडलं तर अॅडजेक्टिव्ह, क्रियापद सापडलं किंवा काहीच नाही सापडलं तर प्रोनाउन. धिस मिसळ इज स्पायसी, अंगठ्याखाली मिसळ, अॅडजेक्टिव्ह. धिस इज स्पायसी, अंगठ्याखाली इज, प्रोनाउन. मध्ये रेड, बिग असलं विशेषण आलं तर अंगठा एक घर पुढे सरकवा. आपल्या व्याकरणात पण हेच आहे, दर्शक सर्वनाम आणि दर्शक विशेषण.

बँकेच्या आणि एमपीएससीच्या पेपरात धॅट ऑफ, धोज ऑफ असतं ते काय प्रकरण आहे?

एरर काढा टाइपच्या प्रश्नांत हे नेहमीचं गिऱ्हाईक आहे. वाक्य बघा, द विंटर ऑफ निफाड इज कोल्डर दॅन मुंबई. वाचताना ठीक वाटतं, पण तुलना निफाडच्या थंडीची थेट मुंबई शहराशी लागली. थंडीची तुलना थंडीशी व्हायला पाहिजे, आणि विंटर शब्द परत नको म्हणून त्याच्या जागी धॅट, म्हणजे द विंटर ऑफ निफाड इज कोल्डर दॅन धॅट ऑफ मुंबई. नाम अनेकवचनी असेल तर धोज, द रोड्स ऑफ सिडको आर नॅरोअर दॅन धोज ऑफ इंदिरानगर. रस्त्यांवरून भांडू नका, उदाहरण आहे. ह्या जागी धिस आणि धीज कधीच येत नाहीत, ऑप्शनमध्ये दिसले की आधी ते खोडा.

जे लोक अमुक करतात, त्याला पण धोज, धोज हू हॅव नॉट पेड द फी. एकाच माणसासाठी धॅट हू नाही, द वन हू.

धिस काइंड ऑफ का धीज काइंड ऑफ?

काइंड एक तर धिस काइंड ऑफ, जास्त तर धीज काइंड्स ऑफ. बोलताना इंग्रज स्वतः धीज काइंड ऑफ म्हणतात, पण पेपरात त्याला मार्क जातात. टाइप आणि सॉर्टचं पण सेम.

धॅट तर की च्या जागी पण येतो, मग तो पण हाच धॅट?

स्पेलिंग तेच, काम वेगळं. आय नो धॅट ही इज बिझी, इथला धॅट म्हणजे आपला की, तो काही दाखवत नाही. कानाला फरक कळतो, दाखवणारा धॅट स्पष्ट आणि जोरात, जोडणारा धॅट पटकन गिळलेला, जवळजवळ धट्. म्हणून ही सेड धॅट धॅट वॉज हिज सीट हे वाक्य चूक नाहीये, पहिला गिळा, दुसरा ठासून म्हणा. तिसरा पण एक आहे, इट्स नॉट धॅट डिफिकल्ट, तिथे धॅट म्हणजे तेवढं. इट वॉज धिस बिग, हातानं माप दाखवत, तिथे धिस म्हणजे एवढं.

ऑफिसच्या मेलमध्ये नुसतं धिस लिहिलं तर साहेब चिडतात, का?

बरोबर चिडतात. आमच्या बॅचमधल्या एकानं मेल दाखवला होता, मजकूर साधारण असा, मशीन बंद पडलं, त्याच दिवशी ऑपरेटर सुट्टीवर होता, मटेरियल पण उशिरा आलं, आणि पुढे धिस कॉज्ड द डिले. कशानं? तीन कारणं आधी सांगितलीत, धिस नेमकं कोणाकडे बोट दाखवतंय ते कोणालाच कळेना, साहेबांनी धरलं ऑपरेटरला. धिसच्या पुढे एक नाम लावा, धिस ब्रेकडाऊन, धिस शॉर्टेज, गोंधळ मिटतो. आम्ही तिथे धिस ब्रेकडाऊन कॉज्ड द डिले केलं.

अजून एक, पुढे सांगायच्या गोष्टीला धिस लागतं, धॅट नाही. हे ऐक म्हणजे लिसन टू धिस. आणि समोरच्यानं सांगून झालेल्या गोष्टीला सहसा धॅट, धॅट्स ट्रू, धॅट्स गुड न्यूज. मुलीचं लग्न ठरलं असं कोणी सांगितलं की आपले लोक धिस इज गुड न्यूज म्हणतात, अगदी चूक नाही पण धॅट्स गुड न्यूज जास्त सहज वाटतं, बातमी त्यांच्याकडून आलीय ना.

उच्चार धिस का दिस? आणि धिस-धीज सेमच ऐकू येतं.

ना द ना ध. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकं लावायचं आणि आवाज चालू ठेवून हवा सोडायची. आपल्याकडे असा वर्णच नाही म्हणून लिहिताना मी ध लिहिते, दुसरे द लिहितात. त्याची फार चिंता करू नका, द म्हणालात तरी कोणी अडत नाही. अडतं ते धिस आणि धीजमध्ये. धिस ऱ्हस्व, शेवटी स. धीज लांब, शेवटी जहाजातल्या ज सारखा पण जीभ न टेकवता, मधमाशी गुणगुणते तसा. धीज मुद्दाम दुप्पट ओढून म्हणा, सुरुवातीला नाटकी वाटतं, मग बसतं.

इंग्रजीत हा-ही-हे असं लिंगच नाही का, कायमच असं होतं?

हा प्रश्न एका आजोबांनी विचारला, रिटायर्ड माणूस, नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला शिकतात. मला फार आवडला. नव्हतं कायमचं असं. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत आपल्यासारखीच तीन लिंगं होती, हा-ही-हे साठी थेस, थेओस, थिस असे वेगवेगळे शब्द, आणि तो-ती-ते साठी से, सेओ, थॅट. विभक्ती प्रमाणे ते वाकायचे पण. नंतर ते सगळं झडत गेलं आणि उरले ते नपुंसकलिंगी, म्हणजे आजचं धिस हे जुनं हे आणि आजचं धॅट हे जुनं ते. इंग्रजीतलं द पण ह्याच घराण्यातलं. शिवाय फार लांबच्या गोष्टीला यॉन, यॉंडर असा तिसरा शब्द होता, आता तो कवितेत नाहीतर काही खेड्यांतल्या बोलीत सापडतो. स्पॅनिश आणि जपानीत अजूनही तीन पायऱ्या आहेत, म्हणजे आपल्याला दोनच शिकायच्यात हे नशीब. आजोबा म्हणाले, म्हणजे हे लोक पण आधी आपल्यासारखेच होते, मग आळशी झाले. मी काही बोलले नाही.

घरी प्रॅक्टिस कशी करायची?

स्वयंपाकघरात उभे राहा आणि बोट दाखवत बोला, मनात नाही, मोठ्यानं. धिस इज अ लेडल, धोज आर प्लेट्स, धॅट इज अ प्रेशर कुकर. नावं येत नसतील तर मराठी नाव लावा, धिस इज अ पोळपाट, पोळपाटाचं इंग्रजी आलं नाही तरी चालेल, धिस आणि इज चुकायला नको. दिवसातून पाच मिनिटं. घरचे हसतील, हसू द्या.

पॅकहाऊसमधला एक मुलगा पिंपळगावला असंच करायचा, क्रेट मोजता मोजता. पहिल्या वेळी परदेशी खरेदीदार आला तेव्हा तो धिस ग्रेप्स इज म्हणाला होता आणि मग गप्पच बसला होता. पुढच्या सीजनला तोच खरेदीदार आला, ह्यानं हातातला क्रेट पुढे केला, धीज आर फ्रॉम दिंडोरी, मग भिंतीकडे बोट, धोज आर फ्रॉम निफाड, सगळं एकदम बरोबर. खरेदीदारानं कोपऱ्यातल्या स्टीलच्या डब्याकडे बघून विचारलं, अँड व्हॉट इज धॅट? पोरगं म्हणालं, इट इज माय लंच, सर.

मी त्याला विचारलं, धॅट इज माय लंच का नाही म्हणालास? तर म्हणे, मॅडम, बोट त्यांनी दाखवलं होतं ना.